कुणी हलू नका

जळकोट

प्रिय विरूपाक्ष,

तुझं पत्र पोचलं. अप्पांच्या मयतीचे सगळे फोटो जाळून टाक आणि सोमवारच्या एसटीने अव्वाला लातूरला पाठव, असा हुकूम आहे. लातूर जिल्हा झाल्यापासून तुझ्या पत्रांनाही साहेबी चढली आहे. सख्ख्या बहिणीला 'कळावे' एवढंच लिहून सही ठोकतोस, जशी काही मी तुझ्या दालमिलमधली हमाल.

घरभरणीला जिल्ह्यातली मोठी माणसं येणार, आई पाटावर बसलेली दिसली पाहिजे, असं तू लिहितोस. दिसण्याची हौस तुझी जुनीच. अप्पा गेले तेव्हा दुष्काळाने आड कोरडा पडला होता. त्यांच्या अंघोळीचं पाणीसुद्धा अव्वाने शेजारीपाजारी मागून आणलं. तू आलास तो उदगीरचा फोटोग्राफर लिंबाजी आणि इस्त्रीचे दोन सदरे घेऊन, एक अंगात आणि एक फोटोसाठी.

मयताला बसतं ठेवायच्या आपल्या रीतीप्रमाणे अप्पांना ओसरीवर बसवलं होतं. कपाळाला भस्म, डोक्याला फेटा. पाठ ताठ राहावी म्हणून अव्वाने त्यांना उपरण्याने खांबाला बांधलं होतं. तू लहानपणी तापाने फणफणलास तेव्हा अप्पांनी तुला असंच उपरण्याने पाठीशी बांधून उदगीरच्या दवाखान्यात चालत नेलं होतं. तुला कुठलं आठवायला? फोटोत गाठ दिसते, अडाणीपणा वाटतो, म्हणून ती तूच सोडलीस. मग अव्वाला कडेला सारून अप्पांच्या खांद्यावर हात टाकून बसलास. लिंबाजी म्हणाला, "कुणी हलू नका." ते एकट्या अप्पांनी ऐकलं नाही.

भिंतीवरचा तो फोटो बघतच लिहिते आहे. अप्पा तुझ्या बाजूला कललेत आणि तू उडी मारून पळतो आहेस. एक पाय घागरीत अडकलाय. विधीला आलेल्या जंगम अय्यांच्या हातातलं भस्माचं ताट तुझ्या धक्क्याने उडालंय आणि सगळं भस्म तुझ्या तोंडावर. मयत कोण, हे परक्याला सांगावं लागेल. चन्नबसप्पा काकांनी हयातभर अप्पांशी अबोला धरला आणि त्या दिवशी सगळ्यांच्या वर गळा काढला. ते पळता पळता उंबऱ्यात आडवे झालेत, फेटा गळ्यात. मी पदर तोंडाशी धरून उभी आहे. लोकांना वाटलं रडते, पण मला हसू आवरत नव्हतं. अप्पा असते तर तेही पोट धरून हसले असते.

जागा सोडली नाही ती फक्त अव्वाने. बसल्या बसल्या काखेत हात घालून तिने अप्पांना सावरलं आहे, आणि लिंबाजीने सांगितलं म्हणून मान न हलवता सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे. विरूपाक्ष, घाबरण्याबद्दल मी तुला काही बोलले नसते. पण तू लांब उभा राहून आधी सदरा झटकलास आणि मग लिंबाजीवर ओरडलास. अप्पांकडे वळूनही पाहिलं नाहीस. त्या दिवसापासून तुझी किळस येते रे मला.

हे पत्र अव्वाने लिहायला लावलं म्हणून लिहिते आहे. नाहीतर मी शाई वाया घालवली नसती. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा तिने भिंतीवरचा हाच फोटो काढला, पदराने पुसला, आणि म्हणाली, "लिव्ह त्याला, मी येत न्हाई. मेल्या बापाचं वझं धरवलं न्हाई त्याला. जित्या आईचं धरंल व्हय?" मग फोटो परत खिळ्याला अडकवला आणि भाकरी थापायला बसली. लिंबाजीकडून याची आणखी एक प्रत करून घेतली आहे, ती सोबत पाठवते. घरभरणीला आई बसलेली दिसायला हवी होती ना? यात ती चांगली बसलेली आहे. लाव भिंतीला.

तुझीच,
महानंदा अक्का