अक्काच्या बेटावरची मांजरं

प्रिय अक्का,

आज पोटावर चौथं इंजेक्शन घेऊन आलो. अजून दहा राहिलीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "चावलेलं मांजर कुणाचं?"

मी म्हणालो, "बहिणीचं."

"मग तिला सांगा, दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची. मेलं तर लगेच कळवायचं."

आता त्यांना काय सांगू? बहीण दिवाळीआधीच गेली, आणि मांजर गोदावरीतल्या बेटावर आहे म्हणून? "बरं" म्हणालो आणि शर्ट खाली ओढला. घरी येईपर्यंत तुझा इतका राग आला की चहासुद्धा न घेता लिहायला बसलोय. डाव्या हाताने. उजवा तुझ्या लाडकीने फोडलाय.

नांदेडजवळच्या त्या गावात तू सात वर्षं शाळेवर होतीस. येऊन जा, येऊन जा, म्हणून किती पत्रं लिहिलीस! मी आलो नाही. आधी बदली झाली. मग लातूर जिल्हा नवा झाला आणि उस्मानाबादहून ट्रकने आलेल्या फायलींत मी बुडालो. कपाटं नाहीत, सगळं फरशीवर, रविवारीसुद्धा हापिस. तुला तसं कळवलं, तर तू लिहिलंस, "बसू, फायली पळून जात नाहीत." मला ते लागलं होतं. लागणारच ना!

आणि मांजरांचं म्हणशील, तर खरं सांगतो, तेवढा मजकूर मी वरवर वाचायचो. गावातले लोक नको झालेली मांजरं पोत्यात घालून बेटावर सोडतात, पाण्यातून ती परत येत नाहीत. शाळा सुटली की तू होडीतून त्यांना भाकरी न्यायचीस. मला वाटायचं, एकटी बाई, लागला असेल नाद. शांतालाही मी असंच म्हणालो होतो. तेव्हा तुझी भावजय माझ्याकडे जे बघत राहिली, ते अजून आठवतं.

गेल्या रविवारी तुझी खोली रिकामी करायला गेलो. ट्रंक बाहेर काढली, तर दारात होडीवाला गंगाराम उभा.

"साहेब, सामान न्या. पण मांजरांचं काय करून राहिलात?"

"मी? मी काय करणार?"

"बाई गेल्यापासून मीच नेऊन टाकत होतो काहीबाही. आता गंगा आटली. कुत्री चालत जाऊन राहिली बेटावर. दोन पिल्लं गेली."

मला संध्याकाळची गाडी धरायची होती. हा माणूस माझ्याकडे असा बघत होता, जणू नदी मीच आटवली! अक्का, मांजरं तुझी, गाव तुझं, आणि सुटका करायची मी?

तरी भाकऱ्या घेऊन त्याच्याबरोबर गेलो. होडी वाळूत उलटी पडली होती. पात्रात एका बाईने झिरा खणला होता आणि वाटीवाटीने ती घागर भरत होती. आमच्या हातातल्या भाकऱ्या बघून तिने विचारलं, "कुणाला हो?" गंगारामने सांगितलं. ती म्हणाली, "माणसाला पाणी न्हाई, आन् ह्यांना मांजरं सुचायलीत!"

काय चुकलं तिचं? मी मान खाली घालून पुढे झालो. तू असतीस तर काय बोलली असतीस तिला?

बेटावर महादेवाचं ते एवढंसं देऊळ आणि दोन चिंचा. मांजर एकही नाही. वाळूत सगळीकडे कुत्र्यांचे पंजे, आणि झुडपाखाली थोडे पांढरे केस. गंगारामने ताटली वाजवली. काही हललं नाही.

"माझ्यानं येत न्हाईत," तो म्हणाला. "बाई काहीतरी येगळंच बोलायच्या. 'बा, बा' असं."

मी जागीच थांबलो. बा! उदगीरला आई आपल्याला जेवायला असंच बोलवायची. हापिसात लागल्यापासून मी कानडीचा एक शब्द तोंडातून काढला नाही, लोक हसतात म्हणून. आणि तू गोदावरीच्या मधोमध बसून मांजरांशी आईची कानडी बोलत होतीस! हे तरी एखाद्या पत्रात लिहायचंस ना गं.

आधी गंगारामकडे पाठ केली. मग म्हणालो, "बा... बा."

देवळाच्या शिखरामागून एक काळं उतरलं. मग चिंचेवरून दोन. बघता बघता नऊ जमली. जवळ आली, माझे पाय हुंगले आणि माझ्यामागे बघत बसली. मागे कोण होतं, अक्का?

त्यानंतर मात्र मी गाडीचा विचार सोडला. झिऱ्यावरच्या त्याच बाईकडे गेलो. तिने कोंबड्यांची दोन डाली दिली. "परत आणून द्या," एवढंच बोलली, तेही घुश्शात. दोन तास गंगाराम आणि मी उन्हात मांजरांमागे धावलो. पाच सापडली. तीन परत झाडावर. आणि ती कान फाटलेली पिवळी! तिला उचलायला गेलो, तर तिने दात आरपार रोवले.

"ती बाईंचीच," गंगाराम म्हणाला. "ती न्हाई यायची."

अगदी तुझ्यासारखी! नांदेडात चांगली शाळा मिळत होती, तेव्हा तू तरी कुठे हललीस?

गंगारामने आणखी एक सांगितलं. पाणी होतं तोवर तो मांजरांना चोरून मासळी घालायचा. "बाई मासळीला शिवत नव्हत्या, त्यांना वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई कधी." तुला माहीत होतं का गं? असणारच.

एसटीत कंडक्टरने विचारलं, "कोंबड्या हायत का?" मी हाव म्हणालो आणि नेमकी पाचही एकदम ओरडली. लातूरपर्यंत गाडी हसत होती.

दोन मांजरं रेकॉर्डरूममध्ये सोडली. साहेब चिडतील वाटलं होतं, तर म्हणाले, "जिल्हा नवा मिळाला, उंदीर जुनेच आले. राहू द्या." दोन शांताजवळ आहेत. पाचवं, ते काळं, दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून गेलं ते गेलं. गल्लीगल्लीत "बा, बा" करत फिरलो. लोक हसले. सापडलं नाही. आणून हरवलं मी ते, अक्का. तिथेच ठेवलं असतं तर बरं झालं असतं का?

बेटावर चार उरलीत. गंगारामने देवळाभोवती बाभळीचं कुंपण घालतो म्हटलंय. कुत्री तेवढ्याने थांबतील का, पिवळी जिवंत आहे का, काहीच कळत नाही. तुझ्या त्या गावात फोनसुद्धा नाही!

म्हणून ठरवलंय. येत्या रविवारी शांताला घेऊन जातोय. डाली त्या बाईला परत द्यायचीत, आणि तिच्यासाठी इथून एक कॅन पाणीही नेणार आहे. पिवळी आली तर घरी आणीन. नाही आली, तर गंगेला पाणी येईपर्यंत दर रविवारी मी तिथे जाईन. शब्द देतो. रविवार मोकळा मिळावा म्हणून आजच साहेबांकडे अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात आधी 'मांजरं' लिहिलं, मग खोडलं. शेवटी लिहिलं, घरगुती.

तुझा,
बसू