लिंबाखालचे अकरा बिल्ले

नंदुरबार,
शुक्रवार, ता. ११ जानेवारी १९६३

तीर्थस्वरूप रूपचंदमामांच्या पायांवर डोकं ठेवून भाची जसोदा कळवते, की शिंका सोडल्या तर मी इथे अगदी सुखरूप आहे. (मिरचीच्या हंगामात नंदुरबारात शिंकेला कोणी आजार म्हणत नाही, हवा म्हणतात.) मामींचा खोकला कसा आहे? थंडीनं केळीची पानं करपली नाहीत ना? म्हैस व्यायली असेल तर रेडकू कुणावर गेलंय तेही कळवावं.

घराण्यातली पहिली बी.ए. झालेली पोर नंदुरबारात करते तरी काय, असं गावात विचारतात म्हणून तुम्ही मागच्या खेपेला कळवलं होतं. मामा, मी गाड्या उभ्या करते. हसू नका. मिरची मंडळाच्या कचेरीत मला चिटणिसाच्या हाताखाली नेमलं, त्या पहिल्याच मंगळवारी आवारात तीनशे बैलगाड्या होत्या. वजनाच्या काट्याजवळ सावलीला एकच मोठा लिंब. ज्याची गाडी आधी आली त्याला लिंब, बाकीच्यांनी रेल्वेच्या तारेच्या कुंपणापर्यंत उन्हात उभं राहायचं आणि मिरचीचा नमुना घेऊन दिवसभर काट्यापर्यंत येरझारा घालायच्या. त्यात मी भीमसिंगला पाहिलं. सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, सागाचा ओंडका पडून डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. काखेत कुबडी, दातांत नमुन्याची पिशवी, अशी त्याची सहावी फेरी चालली होती. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. (दोनच भाकरी खाल्ल्या.) रात्री ठराव लिहिला, तो मंडळानं मंजूर केला, आणि लिंबाखाली पाटी लागली, ‘अपंगांच्या गाड्यांसाठी राखीव.’ गाड्या बरोबर अकरा मावतात, म्हणून परवाने अकरा. लोक त्या जागेला लंगडा लिंब म्हणू लागले. मी अठरा वेळा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

आता परवाना लावायचा कुठे? बैलगाडीला नंबर नसतो. कागद दिला तर पहिला कागद शेळीनं खाल्ला. तेव्हा मी डोकं चालवून पत्र्याचे अकरा गोल बिल्ले कापून घेतले, त्यांवर रंगानं आकडे काढले आणि दोरी ओवून स्वतःच्या हातानं बैलांच्या गळ्यात बांधले. राज्यशास्त्रात मला पहिला वर्ग होता, पण त्या जाड पुस्तकात बैलाचं एक प्रकरण असायला हवं होतं. कारण शेतकऱ्याची पोर असून मी विसरले, की आपल्याकडे बैल घरी थांबत नाही. एक बैल माझा, एक तुझा, मिळून जोडी; आज तुझं काम, उद्या माझं. ही सावड माझ्या बापजन्मापासूनची, आणि माझा कायदा तीन आठवड्यांचा. बैल निघाला, त्याच्याबरोबर परवानाही निघाला. महिनाभरात असं झालं, की लिंबाखाली अकराही गाड्या बिल्ल्यांच्या, आणि गाडीवान मात्र असे, की दोन्ही हातांनी दोन पोती उचलून काट्यावर फेकतील. एका मंगळवारी मी जाब विचारला तर एकजण मलाच समजावू लागला, ‘बाई, बैल दिधा, मंग त्याना गयाना बिल्ला काढी ठेवाना का? ते बरं दिखस का?’ त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, मामा. उलट दिलेल्या बैलाच्या गळ्यातला बिल्ला काढून ठेवायला सांगणारी मी कंजूष माणसाच्या घरची आहे की काय, अशी शंका होती.

त्याच मंगळवारी बिल्ला नंबर एकचा बैल मला एका पहिलवान माणसाच्या गाडीला दिसला. तो भीमसिंगचा शेजारी दिवाल्या. माझ्या अंगाचा भडका उडाला. भीमसिंगला शोधत रेल्वेच्या तारेपर्यंत गेले, तर हा भर उन्हात दुसऱ्याच कुणाच्या गाडीत आपली पोती टाकून आलेला, आणि कुबडी टेकत काट्याकडे निघालेला. मी म्हटलं, अरे तुझा बैल सावलीत आणि तू उन्हात? तर म्हणतो, ‘ताई, दिवाल्याना बैल लंगडी ऱ्हायना. मन्हा पाय एकच गया. त्याना बैल बसना तं समदं घर बसी जाई.’ आणि वर हसतो! आता अशा माणसाचं भलं कायद्यानं कसं करायचं, ते तुम्हीच सांगा.

मी दुसरा नियम केला, परवानाधारक स्वतः गाडीत पाहिजे. तर लोक परवानाधारकालाच सावडीवर नेऊ लागले. तापीबाई म्हणून एक आंधळ्या आजी आहेत, बारा वर्षं उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. त्या एका महिन्यात चार वेगवेगळ्या गाड्यांतून चार बाजार करून गेल्या. भजी खाल्ली, बांगड्या भरल्या, दोन जुनी भांडणं पुन्हा उकरली. मी रागवायला गेले तर माझा हात धरून म्हणाल्या, ‘पोरी, तुन्हा कायदा ब्येस शे! आते समदा माले इचारतस, तापीमाय, बाजारले चाल ना!’ हा दुरुपयोग नोंदवावा की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यापाठोपाठ लाल, पाणावलेले डोळे दाखवत चाळीस जणांनी आंधळेपणाचे अर्ज आणले. मिरचीच्या आवारात कुणाचे डोळे लाल नसतात? अर्ज तपासताना माझेही होते.

हे सगळं आमचे अध्यक्ष चुनीलालशेठ पाहत होतेच. लिंबाखाली ट्रक उभे करायचे त्यांच्या केव्हापासून मनात आहे. त्यांनी मला बोलावून गोड आवाजात सांगितलं, ‘जसोदाबेन, पंधरा तारखेला, मंगळवारी सभा. अकराच्या अकरा बिल्ले टेबलावर ठेवा, मग तुमची जागा तुम्हाला. एकही कमी पडला तर पाटी काढा.’

मी कचेरीच्या पायरीवर रडत बसले होते, तेव्हा भीमसिंग आला. म्हणाला, ‘ज्याले पाय नही, त्याले बिल्ला कसाले? दिखस ना!’ त्याचं म्हणणं असं, की बिल्ले सगळे काढून टाका. ज्यांची जागा आहे ती माणसं फाटकाशी बसतील आणि खरा-खोटा तीच ओळखतील. गेल्या मंगळवारी करून पाहिलं. एक धिप्पाड गडी लंगडत आला. भीमसिंगनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळून विचारलं, ‘भाऊ, फाटकमा डावा पाय व्हता, आते उजवा कसा?’ सगळं आवार हसलं, तो गडीही हसला, आणि बैलांना हाकत पळत तारेकडे गेला. तापीबाई तर नुसत्या पावलांच्या आवाजावरून दोघांना परत पाठवून मोकळ्या झाल्या. मामा, मी इतकी कधी हसले नव्हते. त्या दिवशी भीमसिंगची पोती पहिल्या तासात काट्यावर चढली.

चार दिवस गावोगाव फिरून मी दहा बिल्ले परत मिळवले. कोणी भांडलं नाही. दोन ठिकाणी तर बिल्ल्याबरोबर वांगीही मिळाली. अकरावा राहिलाय. मंगळवार चार दिवसांवर.

बाकी सर्व क्षेम. सोमवारी संक्रांत आहे, तिळगूळ घ्यावा, गोड बोलावं. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
जसोदा, बी.ए. (बी.ए. मुद्दाम लिहिलेलं नाही, हाताला सवय झालीय.)

ता. क. : अकरावा बिल्ला, नंबर चार, तुमच्या ढवळ्याच्या गळ्यात आहे. दिवाळीत तुमचा घोटा सुजला होता, आणि अर्जात ‘व्यंग’ या शब्दापुढे ‘कायमचं’ हे मीच माझ्या हातानं लिहिलं. तुमच्या घरी सात वर्षं राहून मी शाळा शिकले, तुम्हाला नाही म्हणायला लेखणी वळेना. या योजनेतला पहिला खोटा परवाना माझ्याच सहीचा, हे मी सभेत उभी राहून सांगणार आहे. पण मागच्या आठवड्यात तुम्ही एसटीमागे धावलात, ते मी कचेरीच्या खिडकीतून पाहिलं. तुम्ही एसटी नुसती गाठली नाहीत, पुढे जाऊन ड्रायव्हरला आडवे झालात.

ता. क. दुसरा : बिल्ला तिळगुळाच्या डब्यात घालून सोमवारच्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्यावा. डबा चुनीलालशेठसमोर मी एकटीच उघडेन. कोणाचा, ते त्यांना माझ्याकडूनच कळेल. गावात कोणाला कळायचं कारण नाही.

ता. क. तिसरा : गुरुजींस सप्रेम नमस्कार. मामांना अक्षर येत नसल्यामुळे माझी पत्रं तुम्हीच पारावर सर्वांसमोर खणखणीत आवाजात वाचता. तरी वरचे दोन्ही ता. क. मनात वाचून मामांच्या फक्त कानात सांगावेत. (ही सूचना पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवी होती हे आता सुचलं, पण तिथे जागा उरलेली नाही.) पारावरच्या सर्व मंडळींना नमस्कार.