हसून म्हणायचा शब्द

अप्पा,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते. मतं नंतर.

१. सोमवारी सकाळच्या पाळीत चादरींसाठी मरून सुताचा एक लॉट रंगवून निघाला.
२. त्यातली एक लडी मी प्रयोगशाळेत पांढऱ्या कापडाबरोबर साबणाच्या गरम पाण्यात धुतली. पांढरं कापड गुलाबी झालं.
३. दुसरी लडी घेऊन पुन्हा धुतली. पुन्हा गुलाबी.
४. नोंदवहीत माझ्या रकान्यात मी सही केली नाही. त्या सहीशिवाय सूत मागावर चढत नाही.
५. मंगळवारी चार माग रिकामे राहिले.
६. बुधवारी मला मेमो मिळाला. सही का केली नाही याचा लेखी खुलासा शनिवारी सकाळी दहापर्यंत द्यायचा आहे.

आज गुरुवार. काल मेमो हातात देताना मॅनेजरसाहेबांनी मला बसायला सांगितलं. ते वर्षभर विलायतेत शिकून आलेत, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "बाई, एवढं काय त्यात? लिहा, गडबडीत राहून गेलं. मी मागची तारीख टाकून सही घेतो. सूत मागावर जाईल, विषय संपला." मी म्हटलं, "राहून गेलं नाही. रंग सुटतोय म्हणून सही केली नाही." ते हसले. "तिकडं अशा माणसाला स्कॅटी म्हणतात. गुन्हा नव्हे तो. मुलीच्या जातीला तर कुणी काही बोलतसुद्धा नाही." मग फाईल मिटत, "या महिन्यात तुम्हाला कायम करायचंय ना? बघा की मग." रंगवलेलं सूत उकळत्या साबणात ठेवायची वेळ निम्मी करा, असं रंगखात्याला त्यांनीच सांगितलं होतं. वरवरचा रंग त्या साबणातच निघून जायला हवा; तो राहिला, म्हणून आता सुटतो. हे त्यांना माहीत आहे आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत आहे.

तुम्ही गेल्यानंतर स्कॅटी हा शब्द मी प्रथमच कुणाच्या तोंडून ऐकला. तंत्रनिकेतनात असताना मात्र एकदा शोधला होता. ग्रंथालयातल्या जुन्या कोशात नव्हता, नव्यात सापडला: बोलीतला, इंग्लंडातला, अर्थ विसराळू, मन ठिकाणावर नसलेला. कोशात एवढंच. तो कुणी कुणाला म्हणायचा आणि त्यानंतर काय होतं, हे तुम्ही सांगितलं होतं. मी दुसरीत होते. गिरणीतून आलेल्या कुणीतरी तुम्हाला दारातून त्या नावाने हाक मारली, आणि मी अर्थ विचारला. तुम्ही सदऱ्याची बटणं काढत म्हणालात, "गोरा साहेब रागावला की त्याचे शब्द वेगळे असतात. हा हसून म्हणायचा. याच्यात दंड नाही."

हे नाव तुम्हाला का पडलं, ते मला त्याआधीच्या रविवारी कळलं होतं, फक्त तेव्हा जोडता आलं नाही. दुपारची वेळ आहे. अव्वा चुलीपाशी भाकरी थापते आहे, मी आईला खेटून परातीजवळ बसले आहे. गिरणीतले म्हातारे रंगारी, ज्यांना मी मामा म्हणायची, उंबऱ्याशी बसलेत. त्या आठवड्यात त्यांनी मरूनऐवजी तपकिरी लॉट काढला होता, आणि तुम्ही, रंगखात्याचे कारकून, साहेबापुढे उभं राहून सांगितलं होतं की रंगाचा नमुना खाली रंगाऱ्याकडे द्यायला मीच विसरलो. मामा म्हणतात, "तुमी इसरला न्हवता की. नमुना माज्या हातात दिलाता तुमी. मलाच आता दोन्ही रंग सारकंच दिसायलेत." तुम्ही म्हणता, "चहा घ्या." "सायबाला उद्या खरं सांगतो मी." "चहा घ्या आधी. गार होतोय." अव्वा मान वर करत नाही. मामा बशीत चहा ओततात आणि बशी नुसती धरून ठेवतात.

मामा त्यानंतर तीन वर्षं कामावर होते, आणि प्रत्येक लॉट चढायच्या आधी तुम्ही खाली जाऊन नमुना त्यांच्याबरोबर दारात, उजेडात धरून बघत होता. त्यांची कामाची वर्षं भरली. तुमची बढती मात्र झाली नाही. रंगखात्याच्या मुख्य कारकुनाची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा तुमच्याहून नव्या माणसाला मिळाली. माणूस चांगला, पण जरा स्कॅटी. साहेब हसूनच म्हणाला असेल. दंड नव्हता, हे खरं.

हाच माणूस घरी वेगळा होता. एकदा गणितं झाली नव्हती, मी म्हटलं, विसरले. तुम्ही वही मिटलीत. "विसरलीस की केली नाहीस? काय असेल ते सांग. केली नाहीस म्हणालीस तर मी मारणार नाही." मी म्हटलं, केली नाहीत. तुम्ही मारलं नाहीत. मी आज जी कोण आहे ती बरीचशी त्या संध्याकाळी ठरली, आणि म्हणून कधीकधी तुमचा राग येतो. मला एक शिकवलंत आणि स्वतः दुसरं केलंत.

दोन दिवस मी मामांचा आणि माझा असे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघते आहे. तुम्ही तो शब्द मामांसाठी अंगावर घेतलात. त्यांच्या घरात दुसरा मिळवता नव्हता. माझ्याकडून तो मागतात ते चुकीचं सूत झाकायला. ती चादर कुणीतरी पांढऱ्या धोतराबरोबर भिजवेल, आणि तेव्हा तिथं हसणारा साहेब नसेल. शिवाय माझ्या बाबतीत तो शब्द एका लॉटपुरता राहणार नाही. पुढे माझी प्रत्येक नोंद त्याच नजरेने वाचली जाईल. म्हणून खुलासा मी लिहून ठेवला आहे. पाच ओळी: दोन्ही चाचण्या, साबणाची वेळ, ती कुणी कमी केली, आणि सही मी विचारपूर्वक नाकारली, हे. पांढऱ्या कापडाचे दोन्ही तुकडे टाचणीने जोडलेत. कायम करणार नाहीत, बहुतेक. तसं झालं तर दुसरीकडे अर्ज करीन. अव्वाला अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या उत्तराने यातली एक ओळही बदलणार नाही. तरी विचारते. दुसऱ्यांदा ती जागा गेली तेव्हा तुम्हाला लागलं का? मामांना पाहून ते लागणं कमी होत होतं का? मला शनिवारपासून काय सोसायचं आहे त्याचा अंदाज हवा आहे, आणि हे विचारावं असं दुसरं कुणी नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायची आहे. मामांचं बोलणं मी ऐकलं होतं, तरीही पुढे कित्येक दिवस, तुम्ही जेवायला बसलात की मी आतून "स्कॅटी अप्पा" म्हणून हाक मारायची, आणि तुम्ही ओ द्यायचात.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. तरी उत्तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यावं.