अडकणारी दारं

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधी वाच आणि मगच पुढे जा.

पावसात दार फुगलं की तू कडांना साबण चोळतेस ना? इथे वरच्या गल्लीतली दारं ऐन उन्हाळ्यात अडकायला लागली. लाकूड फुगलेलं नव्हतं. खालचा डोंगरच हळूहळू सरकत होता आणि चौकटी तिरक्या होत होत्या. दरड दरवेळी धाडकन येत नाही, आई. ही रांगत आली.

दरडीच्या पाहणीच्या कामासाठी मी घरोघर दारं उघडून-मिटून पाहायचे, तर लोक मला सुतारीणबाई म्हणू लागले. बेकरीवाला खेकसला, "दार तासून द्या, आम्हाला कशाला हलवता?" पण मी पिच्छा सोडला नाही. पाऊस लागताच अख्खी गल्ली खाली, दरडीच्या वाटेपासून दूर असलेल्या शाळेत आणली.

काल भरदुपारी डोंगर आला आणि गल्ली गेली. माणूस मात्र एकही गेला नाही! आज बेकरीवाल्याने शाळेच्या अंगणात भट्टी पेटवली आणि पहिला पाव माझ्या हातात ठेवला.

बाबांचा खोकला कसा आहे? तू विणलेला स्वेटर अंगात होता, म्हणून तेवढा वाचला. लोकांचं सामान उतरवताना माझं राहूनच गेलं. माझी खोली त्याच गल्लीत होती, हे बाबांना सांगू नकोस.

तुझीच,
सुतारीणबाई