उजवा कौल

१४ जुलै
आले बाई एकदाची! पाटणपासून जीपने दीड तास, मग ओढ्यापासून दोन किलोमीटर चिखल तुडवत पायी. गाडी ओढ्याच्या पुढे येतच नाही. पण मला नर्स म्हणून मिळालेलं उपकेंद्र नवंकोरं, खिडकीतून भाताची खाचरं आणि देवीचं देऊळ दिसतं. आशाताई दीपमालाने नाचणीची भाकरी आणली. मी जैन म्हटल्यावर उद्यापासून कांदा-लसूण बंद, असं तिनेच जाहीर केलं. सांगलीला आईला फोन केला, मजेत आहे म्हणून.

१९ जुलै
इथे आजारी माणसाला ओढ्यापर्यंत न्यायला डोलीत घालण्याआधी देवीला कौल लावतात. हरिबा गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवतात. उजवी आधी पडली तर दवाखान्यात न्यायचं, डावी पडली तर घरीच ठेवायचं. आज प्रांजलचं बाळंतपण अडलं आणि अख्खं गाव दीड तास पाकळ्यांकडे बघत बसलं. माझं टाळकंच सरकलं. उजवी पडली म्हणून दोघं वाचली.

२१ जुलै
गावाशी भांडून उपयोग नाही. हरिबांना चहाला बोलावलं आणि सांगितलं, उजव्या पाकळीला पाणी कमी लावत जा. म्हाताऱ्याने बशीतला चहा संपवला आणि हो म्हणाला. देवीचा मान राहील, माणसंही वाचतील. मला माझंच लय कौतुक वाटतंय.

२० ऑगस्ट
चार कौल, चारही उजवे, पाच-पाच मिनिटांत. चौघेही बरे झाले. देवी जागी झाली म्हणतात. आता साध्या इंजेक्शनलासुद्धा कौल मागायला लागलेत. ते जरा खटकलं.

२ सप्टेंबर
गुंडाआजोबांना श्वास घेता येईना. हरिबांनी ठरल्याप्रमाणेच पाकळ्या लावल्या, उजवीला पाणी कमी. डावी पडली. मी सगळ्यांच्या पाया पडले, कुणी डोलीला हात लावला नाही. दुपारी आजोबा गेले.
हरिबांना वाट्टेल ते बोलले. ते म्हणाले, बाई, पाकळी माझं ऐकंना झालीया.

३ सप्टेंबर
पारावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं की कौल मी पाडून घेत होते. हरिबांनीही मान हलवली. कुणी रागावलं नाही. सरपंच दादासो नुसते हसले. सिस्टर शिकलेल्या हायत, म्हणाले, पर देवीनं त्यांच्याकडनं काय करून घेतलं ते त्यांस्नी कळत न्हाई.
मला भीती वाटते आहे. बदलीचा अर्ज लिहिला.

९ सप्टेंबर
१०.१० — उपकेंद्रामागे नाग चावला. उजवा पाय. फणा स्वतः पाहिला. औषध पाटणला. लसींची गाडी सकाळीच ओढ्यापलीकडे येऊन उभी आहे. डोली दारात. माणसं देवळात.

१०.२५ — उचला म्हणून ओरडले. दादासो म्हणाले, जरा दम धरा, तुमीच तर आमची देवी जागी केली.

१०.४० — पापण्या मिटतायत. एकाचे दोन दिसतात. अर्धा तास गेला —

१०.५२ — थुंकी गिळवत नाही. दीपमाला देवळात जाऊन आली. हरिबांनी उजवी पाकळी कोरडीच टेकवलीय. तरी चिकटून —

११ — बोटाने पापणी उचलून — माणसं बाहेर आली. चपला घालतायत. इकडे कुणी बघत ना— घरी चाललेत. दीपमाला एकटीच डोलीचं एक टोक उचल—