फादर नाई, ब्रदर

बाबा, तुमाले जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाले अन् मी आता चिठ्ठी लिहून राह्यली. चौथीपर्यंतच शिकवलं तुमी, त्याच्यानं अक्षर वाकडं हाय, समजून घ्या. दुसऱ्या कोणाले सांगू? घरात सगळे खुशीत हायेत. माहा नातू, धाकट्या लेकाचा, सोमवारी मठात चालला. नर्सिंग शिकला, अमरावतीत दवाखान्यात दोन वर्षं नोकरी केली, अन् आता म्हणते जन्मभर देवाच्या कामाले जातो. मी तर गुडघे दुखत असून मोहल्लाभर पेढे वाटत फिरली. मठवाल्यायनं सामानाची यादी धाडली हाय, चार पांढरे शर्ट, दोन चादरी, ताट, गिलास, जपमाळ. मोबाइल आणायचा नाई म्हणे! जेवताना बी ज्याच्या हातातून तो सुटत नाई, तो पोट्टा तिथं कसा राहीन ते देवच जाणे. पण ते जाऊ द्या.

त्याले बाप्तिस्म्याचा दाखला लागत होता. तो झाला तेव्हा आमी अकोल्याले राहत होतो, म्हणून दाखला तिथल्या चर्चमधून आणायचा. मीही संगं गेली. एस.टी. दर्यापूरवरून होती. तिथं एक बाई चढली, कापडाच्या दुकानवाली, मुसलमानाची, लय बोलकी. मी काय चूप राहते? सांगतलं, "हा माहा नातू, फादर बनून राह्यला." ते म्हणे, "आमच्या मौलवीसाबवानी?" म्हटलं, "हाव, पण हे लग्न नाई करत." "या अल्ला! मंग सयपाक कोन करते त्यायचा?"

बाबा, परतवाड्याकडच्या मिशनात बावीस वर्षं फादर लोकायचा सयपाक तुमी केला. त्याच चुलीपाशी मी मोठी झाली. अन् मी त्या बाईले म्हटलं, "असते कोनीतरी."

तेवढ्यात पोट्टा खिडकीतून मान वळवून म्हणते, "आजी, फादर नाई, ब्रदर. मी ब्रदर व्हाले चाललो."

माहा जीवच बसला. ब्रदर म्हणजे तुमाले माहीतच हाय, लग्न त्यायलेही नाई, पण चर्चमधली मिस्साची पूजाही त्यायले चालवता येत नाई. जन्मभर हातानं काम करायचं. मी वर्षभरापासून मनात धरून बसली होती का हा फादर होईन, बिशपनं तेल लावलेले नवे हात पयले माह्या डोक्शावर ठेवीन, अन् मंग मी मेली तरी चालन. घरात त्यानं सगळ्यायले सांगतलं होतं म्हणे, मीच आयकलं नाई. अकोल्याच्या चर्चच्या ओसरीत, दाखल्याची वाट पाहता पाहता, मी त्याले नाई नाई ते बोलली. तो म्हणे, "मले आजारी माणसायची आंघोळ घालायची हाय, आजी. ज्यायचं कोनी नाई त्यायची." म्हटलं, "मंग दवाखान्यातच राय ना, पगार तरी भेटन! इतकं शिकून फादर लोकायचे भांडे घासशीन काय?" तो तापला नाई. तापला असता तर बरं होतं. म्हणे, "घासीन. पणजोबा असते तर त्यायले समजलं असतं. मास्तर होते ना ते मिशनात, त्यायनं पाह्यले असतील ब्रदर लोक."

त्या दिवसापासून मले ते दुपार दिसते. मी आठ वर्षांची हाय. तो परदेशी म्हातारा ब्रदर सयपाकघराच्या दारात सायकलीचं पंक्चर काढून राह्यला. मले वाटते हा बी तुमच्यासारखा नोकरच हाय. मी म्हणते, "ए ब्रदर, बादली भरून आण." तो उठते, विहिरीवर जाते, भरून आणते, वरून मलेच "थँक्यू" म्हणते. तुमी कणकेच्या हातानं माहा कान धरता. म्हणता, "तो भरते, कारण त्याले भराची हाय. तू सांगतलं म्हणून नाई." मंग मले त्याच्या बाजूले बसवून पातेलंभर आलू सोलायले लावता. मले राग आला होता तुमचा, तो अजूनही पुरा गेला नाई. कान पिळायची काय गरज होती?

अन् मास्तर! लग्नाच्या पयल्याच हप्त्यात सासूनं विचारलं, वडील काय करतात. तोंडातून निघून गेलं, मिशनात मास्तर हायेत. मंग तुमी भेटाले आले, फडक्यात मिशनच्या भट्टीतले पाव घेऊन. सासू म्हणे, "या मास्तर, बसा." तुमी माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता संपलं. तुमी म्हटलं, "हो, बसतो." अन् लेकरांच्या शाळेच्या गोष्टी सांगत बसले, जशा काही खऱ्याच. घरी जाताना बी काही बोलले नाई. बोलाचं होतं बाबा. तेव्हा कान धरला असता तर आज मी इथं अशी कुढत बसली नसती. त्याच्यानंतर ते खोटं लेकरायले गेलं, नातवायले गेलं. आता त्याले पाय फुटले.

काल पोट्ट्यानं विचारलं, "आजी, तू खुश नाई ना?" म्हटलं, "खुश हाय रे बाप्पा, जा." डोक्शावर हात ठेवला. खुश हायच मी, असा नातू कोणाले भेटते! पण तो खाली मान घालून बसला होता, हात कसा ठेवला ते समजलं त्याले. त्याले नुसता हात नव्हता पाहिजे. हे काम हलकं नाई, असं माह्या तोंडून आयकायचं होतं. अन् ते सांगायचं तर तुमच्यापासून सुरुवात करा लागते.

बॅग भरून दाराशी ठेवली हाय. ही चिठ्ठी चादरीच्या घडीत घालावी, म्हणजे तिथं गेल्यावर पोट्टा वाचीन, असं मनात आलं. घातली बी. मंग चहा ठेवला, गाळला, अन् येऊन काढून घेतली. हिच्यात तुमी सयपाकी होते असं लिहिलं हाय ना, बाबा.