आमेन म्हणायचं नाही

२ नोव्हेंबर, रविवार

फसलो! भर चर्चमध्ये, डोळे मिटून, हात जोडून फसलो.

उपासना संपताना पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना धरली. आजारी माणसं झाली, परीक्षेची मुलं झाली, देशाचे पुढारी झाले. नेहमीचंच. मी मनातल्या मनात दुपारच्या वांग्यांचं बघत होते. आणि मग त्याच सुरात, मध्ये श्वासही न घेता — "हे प्रभू, मिशन कंपाउंडातली जुनी घरं पाडून इथे नवी इमारत उभी राहावी, म्हणून तुझी मंडळी आनंदाने संमती देत आहे." आम्ही सगळे — "आमेन!"

माझा आवाज सगळ्यांत मोठा. जन्मभर शाळेत शिकवलंय, तो काय आता लहान होतोय!

बाहेर पायऱ्यांवर जो तो दुसऱ्याला विचारतोय — "काय म्हणाले ओ ते शेवटी?"

४ नोव्हेंबर, मंगळवार

चर्चच्या फळ्यावर कागद लागला. "मंडळीने एकमताने संमती दिली आहे. घरे मार्चअखेर रिकामी करावीत."

सेक्रेटरी कुंदनला गाठलं. माझाच विद्यार्थी. म्हटलं, "मतं कधी घेतलीत रे?" तर म्हणतो, "बाई, आमेन म्हणजे तसेच होवो. तुम्हीच म्हणालात ना, पहिल्या बाकावरून." शिकवलं ते असं फेडतात!

जमीन चर्चची, आम्ही भाडेकरू — मान्य. पण लग्नानंतर चाळीतल्या ह्याच दोन खोल्यांत आले मी. पुढे ओटा, मागे मी लावलेला शेवगा. नवं घर कधी मिळणार, कितव्या मजल्यावर, मधली वर्षं कुठे काढायची — पार गावाबाहेर पाथर्डी फाट्याला की चंद्रावर — एक अक्षर नाही त्या कागदावर. ह्यांना सगळं सांगितलं. "हं," म्हणाले. आणि पेपरात डोकं.

५ नोव्हेंबर

शेजारची सिंधुबाई आली. हरसूलकडची, भाजीची गाडी लावते. नवरा होता तेव्हापासून कंपाउंडातच भाड्याने राहते.

"बाई, म्या तर तुमच्या चर्चात कधी पाऊलबी ठेवलं नाय. मग माझं घर कोणाच्या आमेननं गेलं?"

चहा दिला.

९ नोव्हेंबर, रविवार

आज वेदीपुढे फुलांच्या जागी थर्माकोलची इमारत. अकरा मजले, खाली इवल्या इवल्या मोटारी. बिल्डर स्वतः आलेला, शर्टाला गॉगल अडकवून. "कुंभाच्या आधी काम सुरू करायचंय. सगळं नाशिक बदलतंय, मग आपणच मागे का?" हा 'आपण' कधीपासून आमच्यातला झाला?

तळमजल्यावर दुकानांचे गाळे. त्यावर लग्नाचा हॉल. त्यावर आम्ही. प्रभूने देवळातून व्यापाऱ्यांना हाकलून लावलं होतं. आमचे पाळक त्यांना पार्किंगसकट आत घेतायत!

संध्याकाळी ओट्यावर पाळकांची नक्कल केली. "हे प्रभू, दोन लिफ्ट दे, सामानाला तिसरी दे, रस्त्याकडचे गाळे महाग जाऊ दे —" सिंधुबाई पोट धरून हसली. हे आतच बसून होते.

१२ नोव्हेंबर

पाळकांच्या बंगल्यावर गेले. "सलाम, पाळकसाहेब." "सलाम, अनसूयाबाई, या ना." बिस्किटं आली. म्हणजे काहीतरी गोड बोलणार.

म्हणाले, "छप्पर गळतंय, भिंती ओल धरतायत. आपली तरुण मुलं इथली घरं बघतात आणि पुण्याला निघून जातात. वस्ती टिकवायची तर बांधावंच लागेल, बाई."

ह्यात खोटं काहीच नव्हतं, त्यामुळे अजूनच संताप आला.

"मग घराघरात जाऊन विचारा की!"

"विचारत बसलो तर कधीच होणार नाही."

असं होय! बरं. तुम्ही विचारू नका, आम्ही उत्तर देत नाही. येताना कंपाउंडातल्या प्रत्येक दारात उभी राहिले. एकच सांगितलं — रविवारी काहीही होवो, आमेन म्हणायचं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

काय दिवस होता!

पाळकसाहेब प्रार्थनेच्या शेवटी आले. "...येशूच्या नावाने मागतो." आणि — काही नाही. पंख्याची घरघर तेवढी. त्यांनी एक डोळा उघडला. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, "येशूच्या नावाने मागतो!" मागून कुणीतरी खोकलं. आमेन येईना, प्रार्थना संपेना, डोळे उघडता येईनात. बिचारे तिथेच उभे! शेवटी ऑर्गनवरच्या तेजस्विनीला दया आली, तिने गीतच सुरू केलं.

चर्चमध्ये इतकी मजा मला आजवर आली नव्हती. देव क्षमा करो. पण जरा थांबून करो.

१९ नोव्हेंबर

कुंदन आला, तोंड एवढंसं. काल एका बाळाचा बाप्तिस्मा झाला, तिथेही सगळे गप्प. आईबापसुद्धा! आता बाळाची आजी पाळकांना फोनवर फोन करतेय — बाप्तिस्मा लागला की नाही लागला? मी म्हटलं, "कागद लावा फळ्यावर, एकमताने झाला म्हणून."

हसू येऊन जेवण जाईना. ह्यांचंही ताट तसंच राहिलं. पण हे हसत नव्हते. पित्त झालं असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो! पहिला कागद काढला. उद्या उपासनेनंतर बैठक, घराघराचं मत घेणार. सिंधुबाईचंसुद्धा! पाळकसाहेब स्वतः तिच्या गाडीपाशी जाऊन सांगून आले. तिने त्यांना पाव किलो गवारही विकली म्हणे.

मत घेईपर्यंत आमेन नाही, हे पुन्हा सगळ्यांना बजावून आले. आम्ही 'नाही' म्हणणार, हे तर ठरलेलंच.

२३ नोव्हेंबर, रविवार

"आमच्या वस्तीला चांगली घरं मिळोत. येशूच्या नावाने मागतो." चर्च गप्प. आणि एकच आवाज, स्पष्ट — "आमेन." माझ्या शेजारून. ह्यांचा.

बैठकीला न थांबता हात धरून घरी आणलं. काय हे, म्हटलं. खाली बघत म्हणाले, "मला संडास घरात हवाय, अनसूया. चाळीच्या टोकापर्यंत जाववत नाही आता. ह्या महिन्यात दोनदा पडलो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इतकी रंगात आली होतीस. म्हटलं, कशाला विरस करायचा."